आचारी आणि आचार्य यांच्यातला फरक जपल्याबद्दल

स. न. वि. वि.

आमच्या मुक्त-स्रोत लेखन-प्रणालीतला बग (प्रोग्राममधला दोष) तुम्ही ज्या रीतीने कळवलात, त्याबद्दल हे जाहीर आभाराचं पत्र.

सुरुवात शीर्षकापासून. ‘मराठी नीट दिसत नाही’ एवढंच लिहिलेलं असलं की दोष फॉन्टचा, कीबोर्डचा, अक्षरजुळणीचा की फाइल जतन करण्याचा, तेच कळत नाही. ही चारही कामं वेगवेगळी माणसं बघतात. तुम्ही लिहिलंत: ‘फाइल जतन करून पुन्हा उघडल्यावर आचाऱ्यांना या शब्दाचं आचार्यांना होतं.’ नोंद पहिल्याच दिवशी योग्य माणसाकडे गेली.

सोबतची फाइलही एका शब्दाची होती. कोरी फाइल, शब्द टाइप करा, जतन करा, बंद करा, पुन्हा उघडा. अपेक्षित काय आणि घडतं काय, हे वेगवेगळ्या ओळींत. १० पैकी १० वेळा घडतं, हेही नमूद.

पण खरी कमाल पुढे आहे. हा ऱ्या दोन प्रकारे टाइप होतो. एक, इनस्क्रिप्ट या कीबोर्ड-मांडणीवर शिफ्ट धरून ‘J’ ही कळ दाबल्यावर येणारा ऱ (युनिकोडमधला त्याचा कोड यू+०९३१), मग हलन्त, मग य. दुसरा, साधा र (यू+०९३०), हलन्त, त्यापुढे झीरो विड्थ जॉइनर (यू+२००डी) ही अक्षरं कशी जोडायची ते सांगणारी, डोळ्यांना न दिसणारी खूण, मग य. पडद्यावर दोन्ही सारखेच. तुम्ही बाकी सगळं तसंच ठेवून फक्त ही एक गोष्ट बदललीत आणि लिहिलंत की पहिला टिकतो, दुसरा मोडतो. स्क्रीनशॉटमध्ये हा जॉइनर दिसत नाही आणि मजकूर कॉपी करताना तो वाटेत गळूही शकतो. म्हणून मूळ फाइल आणि क्रमाने लिहिलेले कोड, दोन्ही हवे होते, दोन्ही मिळाले. दोष असा निघाला: चिकटवलेल्या मजकुरातला अदृश्य कचरा काढणारं एक फंक्शन (प्रोग्रामचा एक तुकडा) जतन करतानाही चालत होतं आणि जॉइनरलाच कचरा समजत होतं; तो गेला की ऱ्याचा र्या होतो.

‘दोष फॉन्टचा असावा’ हा तुमचा तर्क चुकला. तो ‘अंदाज’ असं म्हणून वेगळा लिहिला होता, त्यामुळे कोणाची वाट चुकली नाही. अंदाजच निरीक्षण म्हणून लिहिला जातो, तेव्हा आठवडे वाया जातात.

व्हर्जनच्या रकान्यात ‘लेटेस्ट’ न लिहिता पूर्ण क्रमांक दिलात, आधीच्या व्हर्जनमध्ये हे होत नव्हतं हेही तपासलंत. चांगलं आणि बिघडलेलं, अशी दोन्ही टोकं हाती असली की ‘गिट बायसेक्ट’ (प्रोग्राममधल्या बदलांतून दोषी बदल शोधणारी आज्ञा) दर वेळी निम्मे बदल बाद करतं. १,००० बदलांतून दोषी बदल साधारण १० चाचण्यांत सापडतो. दुरुस्तीनंतरचं चाचणी-बिल्ड (तपासण्यासाठी तयार केलेली प्रणालीची प्रत) दोन्ही पद्धतींनी टाइप करून पाहिलंत आणि निकाल कळवलात. मधल्या काळात ‘अजून झालं नाही का?’ असं एकदाही नाही! (अशा प्रत्येक ओळीची मेल त्या नोंदीवरच्या सगळ्यांना जाते.)

जुन्या फाइलींबद्दल मात्र वाईट बातमी आहे. ज्यांतला जॉइनर एकदा गेला, त्या आपोआप दुरुस्त करता येणार नाहीत. ‘आचार्यांना’ हाही शुद्ध शब्दच. पगार स्वयंपाक्यांना द्यायचा होता की गुरुजनांना, हे प्रोग्रामला कसं कळणार? ‘मूळ प्रत राखून ठेवा’ ही तुमची सूचना म्हणूनच आम्ही नोंदीत सर्वांत वर लावली आहे.

एक विनंती. शेवटी जाता जाता तुम्ही लिहिलंत की ल आणि श मराठी वळणाचे दिसत नाहीत. ती वेगळी बाब आहे: परिच्छेदाची भाषा मराठीऐवजी हिंदी असली तर काही फॉन्ट हिंदी वळण दाखवतात. आधी ती सेटिंग तपासा. तरीही तसंच दिसलं तर फॉन्टचं नाव देऊन नवी नोंद करा. ही नोंद बंद झाली की तो मुद्दा तिच्यासोबत गाडला जाईल.

आपली,
देखभाल करणारी मंडळी