द्विभाषिक शाळा म्हणजे सेमी इंग्रजीची नवी पाटी नव्हे

मा. संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

मराठी आणि इंग्रजी या दोन्ही भाषांतून शिकवणारी, पर्यावरण आणि मुलांचे आरोग्य यांना कामकाजाच्या मध्यभागी ठेवणारी महापालिकेची एखादी शाळा नाशिकमध्ये का असू नये, असा प्रश्न पालकांच्या आणि शिक्षकांच्या बोलण्यात हल्ली निघतो. मला ही कल्पना मनापासून पटते. मात्र ती प्रत्यक्षात आणताना सेमी इंग्रजीलाच ‘द्विभाषिक’ अशी नवी पाटी लावली जाण्याची भीती वाटते, म्हणून हे पत्र.

सेमी इंग्रजीत गणित आणि विज्ञान इंग्रजीतून आणि उरलेले विषय मराठीतून शिकवले जातात. ही विषयांची वाटणी झाली. तिच्यात ज्या विषयांना घरी-दारी प्रतिष्ठा आहे, नेमके त्याच विषयांतून मराठी बाहेर पडते. द्विभाषिक शाळेची रीत वेगळी असते. अमेरिकेत मायामी येथील कोरल वे या सरकारी प्राथमिक शाळेत १९६३ मध्ये क्यूबातून आलेल्या कुटुंबांची आणि इंग्रजी बोलणाऱ्या स्थानिक कुटुंबांची मुले एकाच शाळेत घेऊन अर्धा दिवस स्पॅनिशमध्ये आणि अर्धा दिवस इंग्रजीत शिकवायला सुरुवात झाली. तेथे दोन्ही भाषांना विषय शिकवण्याचा मान होता. कॅनडातील अभ्यासक जिम कमिन्स यांची मांडणीही येथे उपयोगी पडते. मुलाला दुसरी भाषा बोलण्यापुरती सुमारे दोन वर्षांत येते, पण त्याच भाषेत धडा समजून घेऊन उत्तर मांडण्याइतकी तयारी व्हायला पाच ते सात वर्षे लागतात, असे त्यांनी दाखवून दिले आहे. दुसरीतले मूल इंग्रजीत कविता घडाघडा म्हणते म्हणून प्रयोग यशस्वी झाला असे समजणे, किंवा ते अडखळते म्हणून प्रयोग गुंडाळणे, दोन्ही घाईचे ठरेल. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्येही शक्य तेथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवावे आणि गणित-विज्ञानाची दर्जेदार द्विभाषिक पुस्तके तयार करावीत, असे म्हटले आहे.

नाशिकच्या बाबतीत आणखी एक बाब लक्षात घ्यावी लागते. सातपूर-अंबडच्या कामगार वस्त्यांतील कितीतरी मुलांच्या घरी अहिराणी किंवा भोजपुरी बोलली जाते, तर पेठ-सुरगाण्याकडून आलेल्या कुटुंबांत कोकणा ही आदिवासी बोली. या मुलांना पुस्तकातली मराठीसुद्धा शाळेतच शिकावी लागते. पहिलीपासूनच्या हिंदीचे शासन निर्णय २९ जून २०२५ रोजी मागे घेतले गेले, त्याआधीच्या गदारोळात भाषांची संख्या मोजली गेली, पण मूल घरून कोणती भाषा घेऊन येते हे फारसे कोणी विचारले नाही. प्रस्तावित शाळेने पहिल्या वर्षी हे विचारावे आणि पहिली-दुसरीत त्या भाषेला वर्गात बोलण्याची मोकळीक द्यावी. प्रवेशासाठी चाळणी परीक्षा तर नसावीच, शिक्षण हक्क कायद्याने तिला बंदी आहे. निवडक मुलांची शाळा काढून ती नमुना म्हणून दाखवण्यात काही अर्थ नाही.

आता पर्यावरणाविषयी. शाळांतून पर्यावरण दिन कसा साजरा होतो, हे मी नोकरीत असताना जवळून पाहिले आहे. एका शाळेत फळ्यावर रंगीत खडूने पृथ्वी काढलेली होती, मुले घोषणा देत होती आणि त्याच वेळी मैदानाच्या कोपऱ्यात पालापाचोळ्याचा ढीग पेटवलेला होता. वृक्षारोपणाची गत तर सर्वांना ठाऊक आहे, खड्डा तोच आणि रोप दरवर्षी नवे. शासनाचे ‘माझी वसुंधरा’ अभियान २०२० पासून आहे, नववीला जलसुरक्षा हा विषय आहे, तिसरीपासून परिसर अभ्यास आहे. साहित्याची उणीव नाही. उणीव आहे ती शाळेने स्वतःचे पाणी, कचरा आणि अन्न यांचा हिशेब ठेवण्याची, आणि दोन भाषांचे शिक्षण नेमके याच कामातून उत्तम होईल असे माझे मत आहे.

पावसाळ्यात गंगापूर धरणातून किती क्युसेक पाणी सोडले, ही बातमी येथे घरोघरी वाचली जाते आणि गोदाघाटावर पाणी दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर कुठवर चढले यावरून लोक पुराचा अंदाज बांधतात. एक हजार क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ हजार लिटर. शहरी पाणीपुरवठ्यासाठी माणशी दिवसाला १३५ लिटर हे प्रमाण धरले जाते, म्हणजे दर सेकंदाला दोनशेहून अधिक माणसांचे एका दिवसाचे पाणी डोळ्यांसमोरून वाहून जाते, हे सहावीतले मूल स्वतः काढू शकते. ते गणित मराठीत सोडवून त्याची नोंद इंग्रजीत लिहावी, पुढच्या आठवड्यात उलट करावे. आहाराच्या ताटांत उरलेली खिचडी किंवा उसळ रोज तोलावी, कोणत्या वारी जास्त उरते ते भिंतीवरील तक्त्यावर दोन्ही भाषांत मांडावे आणि उरलेले खतखड्ड्यात टाकावे. घंटागाडीत ओला आणि सुका कचरा वेगळा देण्याची सवय ज्या शहरात लावली जात आहे, तेथे शाळेचा कचरा एकाच गोणीत जाऊ नये, एवढे तरी व्हावे.

आरोग्याच्या बाबतीत योगवर्गापेक्षा वेळापत्रक आणि नळ यांची काळजी आधी घेतली जावी. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊपूर्वी भरवू नयेत, असा शासन निर्णय फेब्रुवारी २०२४ मध्ये निघाला. पण एकाच इमारतीत दोन सत्रे भरत असतील तर लहान मुलांची झोप आणि मोठ्या मुलांचे मैदान यांपैकी एक तरी कापले जातेच. पोषण आहारातून प्राथमिकच्या मुलाला ४५० आणि उच्च प्राथमिकच्या मुलाला ७०० उष्मांक मिळणे अपेक्षित आहे, परंतु शहरात अन्न बरेचदा दूरच्या मध्यवर्ती स्वयंपाकगृहातून येते. अन्न गरम पोहोचले का, आणि मुलींच्या स्वच्छतागृहात पाणी आहे का, याची नोंद रोज मुख्याध्यापकांनी करावी आणि ती दर्शनी भागात लावावी.

या शाळेसाठी नव्या इमारतीचा आग्रह धरला जाऊ नये. सिंहस्थाच्या कामांत महापालिकेचे लक्ष आणि पैसा दोन्ही गुंतलेले असताना नवे बांधकाम कागदावरच राहील. कामगार वस्तीतली, एकाच सत्रात भरू शकेल अशी चालू शाळा निवडावी. प्रत्येक वर्गाला मराठीसाठी आणि इंग्रजीसाठी भाषा उत्तम जाणणारा शिक्षक मिळावा, त्यांची किमान पाच वर्षे बदली होऊ नये आणि मतदारयादीची कामे त्यांच्याकडे देऊ नयेत. शिक्षण विभागाने याचा निर्णय पुढील शैक्षणिक वर्षाचे प्रवेश सुरू होण्यापूर्वी जाहीर करावा, कारण एकदा खासगी शाळेत शुल्क भरले की पालक मुलाला तेथून काढत नाहीत.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका,
पंचवटी, नाशिक