घरामागच्या शेडमधला अल्बम

प्रिय पक्या,

"हल्ली काय ऐकतोयस" असा तुझा मेसेज आला तेव्हा लोकलमध्ये लटकत होतो, आणि नंतर म्हटलं दोन ओळीत उरकण्यासारखं नाहीये हे, म्हणून आज निवांत लिहितोय. पंधरा दिवस घरात एकच अल्बम चालूए, बायको जाम वैतागलीये. एमिट रोड्स नावाचा माणूस, १९७० चा अल्बम, नावही त्याचंच, बहुतेक दुसरं काही सुचलं नसावं.

आधी मेरी-गो-राउंड नावाच्या बँडमध्ये होता, तो बँड फुटला आणि हा पठ्ठ्या आईबापाच्या घरामागच्या शेडमध्ये जाऊन बसला. कॅलिफोर्नियातलं हॉथॉर्न, म्हणजे बीच बॉईज या बँडवाल्यांचंच गाव. वय वीस! ड्रम, बास, पियानो, गिटार, गाणं, सगळं एकट्यानं, आणि रेकॉर्डिंगचं मशीन फक्त चार ट्रॅकचं, म्हणजे टेपवर वेगवेगळे चारच आवाज मावणार. चार ट्रॅक वाजवले की टेप भरली, मग ते सगळं आठ ट्रॅकच्या मशीनवर न्यायचं आणि उरलेल्या जागेत आपल्याच आवाजावर आपलाच आवाज चढवायचा. ड्रम वाजवताना गाणारा नाही, गाताना ड्रमर नाही, समोर मान डोलवायला कुत्रं नाही. तरी ऐकताना वाटतं चार दोस्त एकमेकांकडे बघत, हसत वाजवतायत. पहिल्याच गाण्यात स्वारी तोंडघशी पडलेली आहे पण पियानो असा उड्या मारत येतो की दुःखबिःख कुठल्या कुठे, आणि खाली बास आपलं वेगळंच काहीतरी गुणगुणत असतो. तू एकदा फक्त बास ऐक. आवाज तर डिट्टो बीटल्सचा मॅकार्टनी, आणि मॅकार्टनीनंही त्याच वर्षी घरी बसून एकट्यानं अल्बम केला होता. मला विचारशील तर चालींमध्ये हा पोरगा भारी पडतो, मार शिव्या.

पॉवर पॉपवाले, म्हणजे गोड चालींच्या दणदणीत रॉकचे चाहते, आता त्याला डोक्यावर घेऊन नाचतात. तेव्हाही अल्बम बिलबोर्डच्या अमेरिकन यादीत २९ नंबरपर्यंत गेला होता, म्हणजे पडला वगैरे नव्हता. पण जुन्या रेकॉर्ड कंपनीनं त्याची आधीची गाणी साधारण त्याच सुमारास बाजारात आणली, घेणाऱ्याला कळेना नवीन कुठलं. आणि डनहिल या नव्या कंपनीबरोबरचं काँट्रॅक्ट काय होतं माहितीये? दर सहा महिन्याला एक अल्बम! एकटा माणूस, एक शेड, कसं जमायचं? जमलं नाही, तर कंपनीनं अडीच लाख डॉलरचा दावा ठोकला. १९७३ ला तिसरा अल्बम काढला आणि तेविसाव्या वर्षी दुकान बंद. पुढचा आला थेट २०१६ ला. २०२० मध्ये गेला बिचारा.

हे वाचलं आणि मला माझीच लाज वाटली यार. दर महिन्याला मी तुला काय विचारतो? "गाणी झाली का, किती झाली, दिवाळीपर्यंत होतील का." तू त्या पोटमाळ्यावर गाद्या लावून, पंखा बंद करून, घामाघूम होऊन एकेक टेक घेतोस आणि मी इकडून वसुली एजंटासारखा फोन करतो. आता नाही विचारणार. खरंच.

लिंक पाठवतोय, फोनच्या स्पीकरवर ऐकलंस तर मार खाशील. आणि माझा ट्यूनर तुझ्याकडेच आहे ना रे?

तुझा,
बंड्या