निवृत्तांना छंद पुरत नाहीत

संपादक महोदय,

‘आता छंद जोपासा’ हा सल्ला निवृत्त माणसाला उठता-बसता ऐकावा लागतो. मीही ऐकतो. देणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो, पण मी एक दिवस बासरी वाजवली नाही तर कुणाचंही काही अडत नाही, आणि बोचतं ते हेच. नोकरीत दांडी मारली की कुणाचं तरी काम खोळंबायचं.

१९३०च्या सुमारास ऑस्ट्रियातल्या मारिएन्थाल या गावातली कापडगिरणी बंद पडली आणि जवळजवळ सगळं गाव बेकार झालं. मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स त्सायझेल यांनी तिथे जाऊन केलेला अभ्यास १९३३ मध्ये प्रसिद्ध झाला. लोकांच्या हाती वेळच वेळ होता, वाचनालयाची फीसुद्धा माफ झाली होती. तरी पुस्तकं नेण्याचं प्रमाण निम्म्यावर आलं. अभ्यासकांनी रस्त्यावरच्या माणसांची चाल घड्याळ लावून मोजली, तेव्हा पुरुष रेंगाळत, थांबत थांबत जाताना दिसले. बायका मात्र लगबगीत होत्या, कारण गिरणी बंद झाली तरी घरकाम बंद झालं नव्हतं.

त्या गावात पैशाची चणचण होती. पेन्शनवाल्याची गोष्ट वेगळी, हे मान्य. पण याहोडाबाईंनी पुढे मांडलं ते आम्हालाही लागू पडतं: नोकरी पगाराखेरीज दिवसाला शिस्त देते, घराबाहेरची माणसं देते, चारचौघांत ओळख देते. पगाराच्या जागी पेन्शन येते. बाकीच्याची सोय कुणी लावत नाही. मग आम्ही बायकोच्या स्वयंपाकघरात सुधारणा सुचवायला जातो. (तिला निवृत्ती कधी, हे विचारायचं राहूनच जातं.)

अमेरिकेतल्या पन्नाशीपुढच्या जवळपास सात हजार लोकांचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांना आयुष्याला हेतू आहे असं वाटत होतं, त्यांच्यात पुढच्या काही वर्षांतले मृत्यू कमी आढळले. अर्थात आजारी माणसाचा उत्साह आधीच मावळलेला असू शकतो, म्हणून हेतू म्हणजे औषध असं मी म्हणणार नाही. जन्मभर अंगमेहनत केलेल्याला नुसतं बसावंसं वाटलं, तर त्याला खुशाल बसू द्यावं.

पण बाकीच्यांचं काय? आज पूर्ण काम आणि उद्या शून्य, ही पद्धतच मला चुकीची वाटते. शेवटची दोनेक वर्षं कामाचे तास उतरते ठेवून नव्या मुलांना शिकवायची जबाबदारी दिली, तर दोघांचंही भलं होईल. सामाजिक संस्थांनाही एक विनंती आहे. ज्येष्ठांना व्यासपीठावर बसवून हार घालू नका. वार आणि वेळ ठरवून काम द्या, त्याचा हिशेब मागा आणि आम्ही आलो नाही तर फोन करून खडसावून विचारा, का आला नाहीत म्हणून.

आपला,
एक निवृत्त वाचक