फळीचा चिखल धुवायचा राहिला

कंबोईचे नाववाले भाई,

सप्रेम नमस्कार. तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं, म्हणून हे पत्र असं उघड्यावर. मराठी तुम्हाला वाचता येणार नाही, पण कुणी बडोदेकर वाचून दाखवेलच.

माझी आई इथल्या, बडोद्याच्या, शाळेत तीस वर्षं जीवशास्त्र शिकवायची. पोरांना कमाटीबागेतल्या संग्रहालयात नेऊन देवमाशाचा सांगाडा दाखवायची, खारफुटीतल्या तिवराची श्वसनमुळं, म्हणजे हवा घ्यायला चिखलातून वर येणारी मुळं, मात्र फक्त फळ्यावर. स्वतःच कधी पाहिली नव्हती ना! मागच्या वर्षी एका सहलवाल्यानं ‘खारफुटी दर्शन’ म्हणून पैसे घेतले आणि तुमच्या कंबोईतल्या स्तंभेश्वर मंदिराच्या वाटेवर चालत्या बसमधून बोट दाखवलं, "ते हिरवं दिसतंय ना, तेच." आई उतरते म्हणाली, तर म्हणे, "काकू, चिखलात काय बघणार?"

चिखलातच तर सगळं होतं.

मग आम्ही तुमच्या किनाऱ्यावर आलो, तेव्हा तुम्ही तिच्या गुडघ्यांकडे पाहिलंत आणि चहाच्या टपरीवरची प्लास्टिकची खुर्ची उचलून आणलीत. तिचे पाय रुतायला लागले, तशी नावेतली फळी काढून खाली घातलीत. "बेसो बा, भरती आववाने हजी वार छे." बसा, भरतीला अजून वेळ आहे, एवढं बोलून बाजूला झालात. खंभातच्या आखातात पाणी दहा-दहा मीटर चढतं, माझा जीव खालीवर होत होता. पण पाण्याकडे तुम्ही बघत होता, म्हणून आई निवांत निवट्यांकडे बघत बसली. तुमचे ते लेवटा. मासा असून चिखलावर टणाटण उड्या मारतो, ओल्या कातडीतूनही श्वास घेतो! एकच नांगी मोठी असलेले खेकडे ती हलवून माद्यांना बोलावत होते. तुम्ही गळून पडलेलं पान दिलंत, तिनं मागची बाजू जिभेला लावली. खारट! झाड पानातून मीठ बाहेर टाकतं, हे तिनं मलाही शिकवलं होतं. मी पाठ केलं होतं, एवढंच.

पैसे घेऊन दाखवणारे पुष्कळ असतात हो. बघू देणारा विरळा. अर्ध्या तासात तुमच्या तोंडून एकदाही ‘चला’ आलं नाही.

घरी आल्यावर आईनं जुनी वही काढून आकृती खोडली. मुळं ती तिरकी काढायची. खरी मुळं तर पेन्सिली रोवल्यासारखी ताठ उभी. आता जुन्या विद्यार्थिनींना फोन करकरून चूक कबूल करतेय.

तुमची फळी मात्र तशीच चिखलाची परत दिली. तेवढं माफ करा.