घोडा पिसाळत नाही हो, घाबरतो

मा. संपादक, नमस्कार.

माथेरानात कुणी घोड्यावरून पडलं की पेपरात 'घोडा पिसाळला' असं छापून येतं. मी लहानपणापासून घोड्यांतच वाढलोय म्हणून सांगतो, पिसाळतं ते कुत्रं. घोडा बुजतो. तो शिकार होणारा जीव, त्यामुळे डाव्या-उजव्या बाजूचं जवळपास सगळं त्याला दिसतं पण शेपटीमागचं आणि कपाळासमोरचं अगदी जवळचं दिसत नाही, आणि नेमकं तिथून काही आलं की आधी पळायचं मग बघायचं हा त्याचा स्वभाव.

आता दस्तुरी नाक्यापासून, म्हणजे जिथे गाड्या थांबतात तिथून, मार्केटपर्यंत काय काय असतं बघा. माकडं, वेफर्सची पाकिटं, रंगीत रेनकोट, निळी प्लास्टिकं, गुळगुळीत पेव्हर ब्लॉक, आणि डिसेंबर २०२२ पासून ई-रिक्षा. गाडीबंदीच्या गावातला घोडा, त्याला मागून बिनआवाजाची रिक्षा येणार हे कुणी सांगितलं होतं का? मी रिक्षाच्या विरोधात नाही, म्हातारी माणसं आरामात येतात, पण मागून येताना लांबूनच घंटी तरी वाजवा ना राव.

आमच्या राणी घोडीला छत्रीचं भयंकर वावडं होतं. दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात गिऱ्हाईक कमी होतं तेव्हा लागलो तिच्या मागे. आधी बंद छत्री तोबऱ्याशेजारी, म्हणजे तिच्या खाण्याच्या पिशवीशेजारी, नुसती टेकवून ठेवली, चंदी (दाणा) खाता खाता वास घेऊ दे म्हटलं. मग लांब उभं राहून अर्धी उघडायची, ती कान ताठ करून नाकातून फुरफुरली की आपण हलायचं नाही, मान खाली घातली, तोंड चघळायला लागली की लगेच छत्री मिटायची आणि खांद्यावर खाजवायचं. सगळी गंमत या वेळेत आहे बघा, ती उडाली आणि तुम्ही घाबरून छत्री काढली तर ती शिकते की उडालं की छत्री जाते!! आणि चाबूक मारलात तर छत्री म्हणजे मार हे डोक्यात पक्कं. चार दिवसांनी डाव्या बाजूने काही वाटेना, मी खूश, आणि उजवीकडून उघडली तर बाई थेट कुंपणापर्यंत. उजवी बाजू पुन्हा पहिल्यापासून. दीड महिना गेला.

सीझनला मात्र काय होतं, नवा घोडा आणतात, आठवड्यात खोगीर घालून नाक्यावर उभा करतात. कर्जाचे हप्ते असतात, पोट असतं, मलाही कळतं, पण मग बुजला की लगाम खेचायचा आणि शिव्या घालायच्या. लायसन देताना नंबर आणि कागद बघतात तशी छत्री उघडून, मागून रिक्षा नेऊन पण घोडा बघा, ही माझी मागणी आहे. पाच मिनिटांचं काम. आणि पर्यटकांनो, घोड्याने कान टवकारले की किंचाळू नका, सेल्फीची काठी त्याच्या डोळ्यापुढे नाचवू नका, घोडेवाल्याला हाक मारा.

राणीला फुगे अजून चालत नाहीत. दिवाळीच्या गर्दीआधी तेवढं करायचंय, तोवर मार्केटात पोराच्या हातात फुगा दिसला की आम्ही दोघं बाजूला थांबतो.

- एक घोडेवाला, माथेरान