‘राखण’ हा शब्द खळ्यावर सापडला

महोदय,

आपल्या दैनिकात कोकणातल्या नवउद्योगांविषयी आलेला लेख वाचला. इथल्या मुलांचा माल चांगला असतो पण जाहिरात जमत नाही, त्यांनी शहरातल्या तज्ज्ञांकडून ती लिहून घ्यावी, असा सल्ला त्यात आहे. मला तो पटला नाही, म्हणून हे पत्र.

मी आणि माझे दोन वर्गमित्र दापोली तालुक्यात मासळी सुकवायचे सोलर ड्रायर बनवतो. वरून पारदर्शक पत्रा लावलेली पेटी, आत जाळीचे ट्रे, हवा खेळती राहायला छोटा पंखा. पहिलं पत्रक आम्हीही पुण्याहून पैसे देऊन लिहून आणलं होतं: ‘शाश्वत सौर तंत्रज्ञान, हायजीनिक उत्पादन, दुप्पट नफा.’ ते घेऊन हर्णै बंदरात गेले. जवळा, म्हणजे बारीक कोळंबी, वाळत पसरत असलेल्या एका मावशींनी नातीकडून ते वाचून घेतलं आणि म्हणाल्या, “ऊन तर आमच्याकडं फुकट हाय. आनि आमचा म्हावरा काय घाण हाय काय?”

ते फार लागलं. ‘हायजीनिक’ म्हणताना आपण त्या बाईच्या हाताला नावं ठेवतोय, हे आम्हा तिघांपैकी कोणाच्याच ध्यानात आलं नव्हतं.

पत्रकं घरी ठेवली आणि अख्खा मे महिना मासळी वाळवायच्या खळ्यावर जाऊन बसले. आगोटीची, म्हणजे पावसाआधीच्या साठवणीची, घाई होती. 1 जूनपासून यांत्रिक मासेमारी बंद, त्याआधी सुकट (वाळलेला जवळा), बोंबील, वाकट्या भरून ठेवायच्या. विकायचं काही नाही, नुसतं ऐकायचं आणि कानावर पडेल ते जसंच्या तसं वहीत उतरवायचं. नफ्याचं कोणी बोललं नाही. ‘राखण’ मात्र रोज. कावळ्यांपासून राखण, कुत्र्यांपासून राखण, आभाळ भरून आलं की गोळा करायची धावपळ. एकीला मुलीच्या शाळेत बोलावलं होतं, राखणीला कोणी नाही म्हणून ती गेलीच नाही. सातव्या बाईच्या तोंडून तोच शब्द आला तेव्हा मी वहीत त्याखाली रेघ मारली.

खाणाऱ्याचा शब्द आणखी निराळा. दापोलीच्या बाजारात बायका सुकट मुठीत घेतात, चिमूटभर तोंडात टाकतात आणि विचारतात, “कचकच नाही ना?” वाळूवर वाळवलेल्या मालाची ती भीती. म्हणून आमच्या पेटीत वाळलेल्या सुकटीच्या पाकिटावर आता ‘दाताखाली कचकच नाही’ एवढंच छापतो. पेटी तीच, पण वाळवणारीला तिथे कचकचीचं सांगून उपयोग नाही आणि खाणारीला राखणीशी काय देणंघेणं?

हेच शब्द मालवणात चालतील असंही मी धरून चालत नाही. इथल्या सुकटीला तिकडे गोलमा म्हणतात. तिथे पुन्हा महिनाभर बसावं लागेल.

नवउद्योजकांना प्रशिक्षण देणाऱ्यांना कळकळीची विनंती, की मुलांना वर्गात घोषवाक्यं शिकवण्याआधी निदान पंधरा दिवस बंदरात, आंब्याच्या बागेत, काजूच्या कारखान्यात वही देऊन बसवा.

आमचं नवं पत्रक दोन ओळींचं आहे: ‘ट्रे आत सरकवा, झाकण लावा, बाजारला जा. राखण नको.’ ते घेऊन परवा त्याच मावशींकडे गेले. त्यांनी नातीकडून दोनदा वाचून घेतलं आणि विचारलं, “एका टायमाला किती टोपल्या मावतात?”

– सोलर ड्रायर बनवणारी एक वाचक, ता. दापोली, जि. रत्नागिरी