कैद्याला फर्लोच्या सुट्टीवर सोडताना आम्हाला एक फोन तरी करा

संपादक महोदय,
स. न.

मागच्या रविवारच्या पुरवणीत कैद्यांनी बनवलेल्या सागवानी खुर्च्या, सतरंज्या, पणत्या यांच्या विक्रीवर लेख आला होता, सोबत फोटो पण होते. तो लेख मी दोनदा वाचला आणि फोटोतला एकेक चेहरा निरखून बघितला. 2014 च्या जूनमध्ये पेरणीच्या तोंडावर बांधावरच्या भांडणात माझ्या थोरल्या भावाचा खून झाला, डोक्यात फावडं घातलं. घालणारा आमच्याच भावकीतला, चार घरं सोडून राहणारा. त्याला जन्मठेप झाली आणि आता तो जेलमध्ये सुतारकाम करतो असं गावात सगळे सांगतात. फोटोत तो नव्हता.

आधीच सांगते, अशा लोकांना कशाला शिकवता असं म्हणायला मी हे पत्र लिहीत नाहीये. मी सांगली जिल्ह्यातली आहे, आटपाडीजवळचं स्वतंत्रपूर आम्हाला लहानपणापासून माहीत आहे. औंध संस्थानच्या काळात 1939 ला ती खुली वसाहत सुरू झाली, जन्मठेपेचे कैदी तिथे भिंतीशिवाय राहतात, शेती करतात, बायकापोरं सोबत ठेवतात. माणूस बदलू शकतो हे आमच्या भागाने बाकीच्यांच्या कितीतरी आधी करून दाखवलंय, त्याचा मला अभिमानच आहे. 2022 मध्ये येरवड्याच्या कैद्यांना राज्य सहकारी बँकेने 50 हजारांपर्यंत कर्ज द्यायला सुरुवात केली, जिव्हाळा नाव त्या योजनेचं, ते पण चांगलंच झालं. आत असलेल्या माणसाच्या पोरांची फी त्यातून भरली जात असेल तर कुणाला वाईट का वाटावं.

पण साहेब, जिव्हाळ्याची गरज चार घरं अलीकडे पण आहे.

आमच्या घरात अकरा वर्षं फावडं नाहीये. फावडं दगडावर घासल्याचा आवाज आला की आईच्या छातीत धडधडायला लागतं, म्हणून आम्ही ते शेजाऱ्यांकडे ठेवलंय, लागेल तेव्हा पोरगा जाऊन आणतो आणि काम झालं की परत ठेवून येतो. भाऊ गेला तेव्हा भाचा दहावीत होता, गणितात हुशार होता. बारावी न करताच तो ट्रॅक्टरवर गेला कारण सोसायटीचं कर्ज भावाच्या नावावर होतं आणि वहिनीला बँकेत कधी कुणी पाठवलंच नव्हतं. चार वर्षं केस चालली, तारखेला मी आणि वहिनी एसटीने जायचो, दिवसभर बाकड्यावर बसायचो आणि संध्याकाळी कळायचं पुढची तारीख पडली. ज्या दिवशी साक्ष होती त्या दिवशी वहिनीला मुद्देमालातला शर्ट ओळखायला लावला, तिनेच शिवलेली बटणं होती त्यावर, ती नुसती हो म्हणाली आणि घरी येऊन तीन दिवस जेवली नाही. आरोपीला वकील नव्हता तर सरकारने दिला, ते बरोबरच आहे, पण वहिनीला आत काय होणार हे आदल्या दिवशी समजावून सांगणारं एकही माणूस नव्हतं.

आणि त्याच्या घराचं पण सांगायला पाहिजे, नाहीतर माझं खोटं ठरेल. त्याच्या बायकोने काय केलं होतं? गावाने तिला हळदीकुंकवाला बोलावणं बंद केलं, त्याची मुलगी माझ्या भाचीच्याच वर्गात, दोघी सहा वर्षं एका बाकावर बसल्या नाहीत. एकदा गिरणीत मी आणि त्याची आई समोरासमोर आलो, तिने स्वतःचा डबा खाली ठेवला आणि म्हणाली, तुझं आधी दळून घे. मला काहीच बोलता आलं नाही, आज पण तो प्रसंग आठवला की गळा दाटतो.

मग दोन वर्षांपूर्वी तो फर्लोवर, म्हणजे शिक्षेतून मिळणाऱ्या थोड्या दिवसांच्या सुट्टीवर सुटला. आम्हाला कळलं कसं तर आईला स्टँडवर तो समोर दिसला! ती बाजारची पिशवी तिथेच टाकून घरी आली आणि तो गावात होता तितक्या रात्री दाराला आतून खाट लावून झोपली. त्याला सोडू नका असं आमचं म्हणणंच नव्हतं, नियमात बसतं तर सोडा, त्याला पण म्हातारी आई आहे. पण एक फोन करायला काय लागतं? अमुक तारखेपासून इतके दिवस तो गावात असेल, काही वाटलं तर या नंबरवर सांगा, एवढंच. मी एका ऑफिसात विचारायला गेले तर तिथले म्हणाले, तुमची केस संपली आता ताई. कुणाची संपली?

तेव्हापासून मी मिळेल ते वाचतेय, वकील मैत्रिणीला विचारतेय. 2009 च्या शेवटापासून कायद्यात पीडितांच्या भरपाईचं कलम आहे, महाराष्ट्राची योजना 2014 ची आहे, म्हणजे भाऊ गेला त्याच वर्षाची, अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे, म्हणजे मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या सरकारी ऑफिसकडे करायचा असतो, आणि हे आम्हाला पाच वर्षांनी कळलं, तेव्हा उशीर झाला म्हणून सांगितलं. सुप्रीम कोर्टाने तर 1998 मध्येच गुजरातच्या केसमध्ये म्हटलंय की कैद्याला कामाची रास्त मजुरी द्या आणि त्यातला काही हिस्सा पीडितासाठी बाजूला काढायचा कायदा राज्यांनी करा. 2013 मध्ये आपल्याच राज्यातली एक केस होती, कुत्रा भुंकला त्यावरून भांडण आणि त्यात माणूस गेला, तिथे कोर्ट म्हणालं की प्रत्येक फौजदारी केसमध्ये भरपाईचा विचार करणं हे न्यायाधीशाचं कर्तव्य आहे. 2022 मध्ये लखीमपूर खीरीच्या, शेतकऱ्यांवर गाडी घातल्याच्या केसमध्ये सुप्रीम कोर्ट म्हणालं की जामिनाच्या वेळी पीडितांचं ऐकून घ्या. एवढं सगळं कागदावर आहे आणि वहिनीच्या हातात आजपर्यंत एक रुपया आलेला नाही. त्याने बनवलेल्या खुर्चीच्या मजुरीतले महिन्याला शंभर रुपये जरी भाचीच्या नावावर आले असते ना, तरी मला वाटतं दोन्ही घरांना काहीतरी वाटलं असतं, त्याला पण, की आपण काहीतरी फेडतोय.

कैदी सुधारला हे कुणी ठरवायचं? जेलमधली वागणूक बघून अधिकारी ठरवतात, ठीक आहे. पण तो परत येणार कुठे, तर आमच्याच गल्लीत. महिला व बालविकास विभागाकडे परिविक्षा अधिकारी (प्रोबेशन ऑफिसर) असतात, सुटणाऱ्या माणसाच्या घरची चौकशी करायला ते येत असतील, तर त्यांनी चार घरं पुढे येऊन आमच्याकडे पण बसावं, चहा घ्यावा, विचारावं. मी मागतेय ते एवढंच, पुनर्वसनाच्या फाइलमध्ये एक पान आमचं असू द्या.

गेल्या फर्लोला त्याने चुलत्याकडून निरोप धाडला होता की काकूची, म्हणजे आमच्या आईची माफी मागायचीय. आई काहीच बोलली नाही. भाचा भडकला, वहिनी आत निघून गेली. मी म्हणलं भेटायचंच असेल तर मध्ये कुणीतरी जाणतं, तटस्थ माणूस पाहिजे, असं उंबऱ्यावर नाही होत. तसं माणूस कुठून आणायचं हे विचारलं तर कुणालाच सांगता येईना. निरोप तसाच राहिला.

आता परवा आईने आपणहून विचारलं, पुढच्या वेळी तो कधी येणारे? मी जेलच्या पत्त्यावर अर्ज पाठवलाय की आम्हाला आधी कळवा. पोच आली की आईला वाचून दाखवणार आहे.

आपली,
एक बहीण, जि. सांगली
(नाव, गाव छापू नये ही विनंती, दोन्ही घरांत मुली लग्नाच्या आहेत.)